विश्लेषण : लुकलुक नव्हे, ताऱ्याची नाडी! प्रकाशावरून कसे कळते ताऱ्याचे फिरणे आणि वय?

जालना शहरातून अंबड किंवा भोकरदनच्या रस्त्याने हिवाळ्यातल्या एखाद्या रात्री थोडे बाहेर गेले, की डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका आणि त्याच्या शेजारी लालसर रोहिणी स्पष्ट दिसते. काही मोजके अपवाद सोडले, तर आकाशातला कोणताही तारा जगातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही निव्वळ प्रकाशाचा ठिपकाच दिसतो. तरीही हा तारा अकरा दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्याच्यावर मोठे डाग आहेत, त्याचे वय इतके कोटी वर्षे आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात. ठिपक्यावरून एवढी माहिती कशी मिळते? ती किती भरवशाची असते? आणि जालन्यासारख्या जिल्ह्याचा या साऱ्याशी संबंध काय?

ताऱ्याचा प्रकाश बदलतो म्हणजे नेमके काय होते?

सर्वप्रथम लुकलुकणे बाजूला ठेवावे लागते. तारा लुकलुकतो तो पृथ्वीच्या हवेमुळे. हवेचे थंड-गरम थर हलतात, त्यातून येणारा प्रकाश थरथरतो. त्याचा ताऱ्याशी संबंध नसतो. येथे मुद्दा आहे तो तासांत, दिवसांत, महिन्यांत होणाऱ्या खऱ्या बदलाचा.

सूर्यावर जसे डाग असतात, तसे इतर ताऱ्यांवरही असतात. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते. जेथे चुंबकीय क्षेत्र फार तीव्र होते, तेथे आतून वर येणारी उष्णता अडते. तो भाग आजूबाजूपेक्षा हजार-दीड हजार अंशांनी थंड पडतो आणि काळपट दिसतो. हाच सौरडाग. डागांच्या आसपास उजळ पट्टेही असतात. म्हणून डागांची संख्या सर्वाधिक असते त्या वर्षांत सूर्य एकूणात किंचित जास्तच तेजस्वी असतो. अकरा वर्षांच्या चक्रात हा फरक एका टक्क्याच्या दहाव्या भागाएवढा आहे. एखादा मोठा डागसमूह समोर आला, की काही दिवसांपुरता प्रकाश हजारात दोन-तीन भागांनी घटतो.

ताऱ्याची ‘सक्रियता’ म्हणतात ती हीच. डाग, उजळ पट्टे आणि अधूनमधून होणारे स्फोट यांच्या मुळाशी चुंबकीय क्षेत्र असते. आणि ते क्षेत्र तयार होते ताऱ्याच्या फिरण्यातून. म्हणून फिरणे आणि सक्रियता हे दोन विषय वेगळे काढता येत नाहीत.

डागावरून फिरण्याचा वेग कसा काढतात?

पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी आठवा. पट्ट्याला जेथे जोड असतो, तो चाकावरून जाताना दर वेळी ‘टक’ असा आवाज होतो. गिरणीकडे न पाहता, बाहेर बसून दोन आवाजांतला वेळ मोजला, तरी पट्ट्याचा एक फेरा किती वेळात होतो हे सांगता येते. ताऱ्यावरचा डाग म्हणजे हा जोड. तारा फिरतो तसा डाग आपल्या बाजूला येतो, प्रकाश घटतो. डाग मागच्या बाजूला जातो, प्रकाश पूर्ववत होतो. एका घटीपासून पुढच्या घटीपर्यंतचा काळ म्हणजे ताऱ्याचा एक फेरा.

प्रत्यक्षात आलेख इतका स्वच्छ नसतो. त्यासाठी दोन पद्धती सर्रास वापरतात. पहिली, निरनिराळ्या कालावधींच्या लाटा मोजमापांवर बसवून पाहायच्या आणि कोणती सर्वात चपखल बसते ते शोधायचे. अधूनमधून खंड पडलेल्या नोंदींसाठी ती उपयोगी पडते. लॉम्ब (१९७६) आणि स्कार्गल (१९८२) या दोघांच्या नावाने ती ओळखली जाते. दुसरी पद्धत त्याहून सोपी. एकाच आलेखाच्या दोन प्रती घ्यायच्या आणि एक प्रत दुसरीवर ठेवून हळूहळू सरकवायची. जितके दिवस सरकवल्यावर चढ-उतार पुन्हा एकमेकांवर बसतात, तितक्या दिवसांचा फेरा.

डाग किती मोठा, याचाही अंदाज बांधता येतो. प्रकाश एक टक्का घटला, तर समोरच्या बाजूचा किमान एक टक्का भाग झाकला गेला आहे. डाग पूर्ण काळा नसतो, म्हणून खरे क्षेत्र त्याहून मोठे असते.

यात गफलत कुठे होऊ शकते?

बऱ्याच ठिकाणी. दोन डाग ताऱ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असतील, तर एका फेऱ्यात प्रकाश दोनदा घटतो आणि फेऱ्याचा काळ निम्माच हाती लागतो. ताऱ्याचा ध्रुव आपल्याकडे रोखलेला असेल, तर डाग कधी मागे जातच नाही आणि प्रकाश फारसा बदलत नाही. सूर्यासारख्या ताऱ्यावर अनेक डाग एका फेऱ्याच्या आतच विरून जातात. म्हणून दूरच्या ग्रहावरच्या कुणी आपल्या सूर्याचा फेरा मोजायला घेतला, तर त्यालाही ते जड जाईल. शिवाय सूर्य सगळीकडे एकाच वेगाने फिरत नाही. विषुववृत्ताजवळ सुमारे २५ दिवस, तर ध्रुवांकडे ३४-३५ दिवस लागतात.

जमिनीवरून पाहणाऱ्याची आणखी एक अडचण असते. एकाच गावातून रोज रात्री दहा वाजता मोजमाप घेतले, तर एका दिवसाच्या आसपासचे खोटे ठेके आलेखात घुसतात. दिवसा वेध घेता येत नाहीत आणि पावसाळ्यात तर चार महिने खंड पडतो.

आणि प्रत्येक मंदावणे डागामुळेच असते असेही नाही. २०१९च्या अखेरीस मृग नक्षत्राजवळचा काक्षी तारा उघड्या डोळ्यांना जाणवेल इतका फिका झाला, तेव्हा तो लवकरच फुटणार अशा बातम्या पसरल्या. पुढे दिसले की, ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून धूळ तयार झाली होती आणि पृष्ठभागाचा काही भाग थंडावला होता. काक्षी मुळातच आकुंचन-प्रसरण पावणारा तारा आहे. त्याच्या प्रकाशातला चढ-उतार म्हणजे त्याचे फिरणे नव्हे.

केप्लर दुर्बिणीने काय बदलले?

अमेरिकेच्या नासा संस्थेने मार्च २००९ मध्ये केप्लर दुर्बीण अवकाशात पाठवली. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या दिशेला तिने चार वर्षे एकटक पाहिले. दीड लाखांहून अधिक ताऱ्यांची, साधारण दर अर्ध्या तासाला एक नोंद. तेथे ढग नव्हते, दिवस-रात्र नव्हती. तिचे मुख्य काम ग्रह शोधण्याचे होते. पण ग्रहांसाठी गोळा केलेल्या याच नोंदींतून ताऱ्यांचे फिरणेही हाती आले.

२०१४ मध्ये मॅकक्विलन, माझेह आणि एग्रेन या संशोधकांनी प्रती सरकवण्याच्या पद्धतीने १ लाख ३३ हजार ताऱ्यांचे आलेख तपासले. त्यांतल्या ३४ हजार ३० ताऱ्यांचे फेरे निश्चित करता आले. ते पाच तासांपासून सत्तर दिवसांपर्यंतचे होते. म्हणजे चारांतल्या एकाच ताऱ्याने उत्तर दिले. उरलेल्या तिघांचा प्रकाश इतका स्थिर किंवा अनियमित होता की त्यातून ठेका निघाला नाही. ही पद्धत चंचल ताऱ्यांना पटकन पकडते, शांत ताऱ्यांना सोडून देते. हा कल लक्षात ठेवला नाही, तर निष्कर्ष चुकतात.

२०१८ मध्ये सुरू झालेली टेस ही दुर्बीण जवळजवळ सगळे आकाश पाहते, पण आकाशाच्या एका पट्ट्यावर ती एका वेळी सुमारे २७ दिवसच थांबते. सूर्याएवढ्या सावकाश फिरणाऱ्या ताऱ्याचा एखादाच फेरा तेवढ्यात होतो. एका फेऱ्यावरून ठेका ठरवता येत नाही.

फिरण्यावरून ताऱ्याचे वय कसे कळते?

भोवरा जसा हळूहळू मंदावतो, तसे सूर्यासारखे तारेही मंदावतात. ताऱ्यातून सतत विद्युतभारित कणांचा वारा वाहतो. चुंबकीय क्षेत्रात अडकून हे कण दूरवर जातात आणि जाताना ताऱ्याचे फिरणे थोडे थोडे ओढून नेतात. १९७२ मध्ये स्कुमानिच यांनी कृत्तिका, रोहिणीच्या दिशेला दिसणारा तारकागुच्छ आणि आपला सूर्य यांची तुलना करून सोपा नियम मांडला. वय चौपट झाले, की फिरण्याचा वेग निम्मा होतो.

पडताळा घरीही घेता येईल. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे, रोहिणीकडच्या गुच्छाचे सुमारे ६५ कोटी. सूर्य सातपट वयस्क. सातचे वर्गमूळ अडीचहून थोडे जास्त. २५ दिवसांना त्याने भागले, की साडेनऊ दिवस येतात. त्या गुच्छातले सूर्यासारखे तारे प्रत्यक्षात आठ ते दहा दिवसांच्या घरातच फिरतात. गंमत अशी की, खुद्द रोहिणी हा तारा या गुच्छातला नाही. तो आपल्याला बराच जवळ आहे, फक्त त्याच दिशेला दिसतो.

मात्र हा नियम आयुष्यभर लागू पडत नाही. २०१६ मध्ये व्हॅन सेडर्स आणि सहकाऱ्यांनी केप्लरच्या नोंदींवरून दाखवले की, साधारण सूर्याच्या वयाला पोहोचल्यावर ताऱ्यांचे मंदावणे कमी होते. त्या टप्प्यानंतर केवळ फिरण्यावरून वय सांगितले, तर म्हाताऱ्या ताऱ्याला तरुण ठरवले जाण्याची शक्यता असते.

एक ग्रह ‘नाहीसा’ झाला, तो कसा?

ताऱ्याची चंचलता ओळखली नाही तर काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ग्लीझ ५८१ हा लहान लाल तारा. त्याच्याभोवती ६६ दिवसांत फिरणारा एक ग्रह आहे आणि तेथे पाणी द्रवरूपात असू शकेल, अशी चर्चा काही वर्षे जगभर होती. २०१४ मध्ये रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ताऱ्याची सक्रियता स्वतंत्रपणे मोजली. तारा १३० दिवसांत एक फेरा घेतो असे आढळले. ६६ दिवस हा जवळजवळ त्याचा निम्मा काळ. ताऱ्याच्या चुंबकीय हालचालींचा परिणाम वजा केला आणि ग्रहाचा संकेत उरलाच नाही.

जीवसृष्टी असलेला ग्रह सापडल्याची बातमी उद्या आली, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : त्या ताऱ्याचे फिरणे कुणी, किती काळ मोजले आहे?

आपला सूर्य खरेच शांत आहे का?

२०१२ मध्ये जपानच्या माएहारा आणि सहकाऱ्यांनी केप्लरच्या नोंदींत सूर्यासारख्या १४८ ताऱ्यांवर ३६५ महास्फोट शोधले. सूर्यावर आजवर नोंदवलेल्या कोणत्याही स्फोटापेक्षा ते कितीतरी मोठे होते. २०२०च्या दुसऱ्या एका अभ्यासात, ज्यांचे फेरे मोजता आले अशा सूर्यासारख्या ताऱ्यांच्या प्रकाशातला चढ-उतार सूर्याच्या साधारण पाचपट निघाला. पण त्याच अभ्यासात, ज्यांचे फेरे मोजता आले नाहीत असे अनेक तारे सूर्याइतकेच शांत होते. सूर्य स्वभावानेच शांत आहे, की सध्या शांत काळातून जातो आहे, हा प्रश्न अजून खुला आहे.

प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही. मे २०२४ मधल्या सौरवादळाने लडाखच्या हानलेमधून आकाशात लाल आभा दिसली. उपग्रहांवरून ठिकाण दाखवणारी यंत्रणा, लांब पल्ल्याचा रेडिओ, वीजवाहिन्या या सगळ्यांना अशा वादळाचा धक्का बसू शकतो. १८५९च्या सप्टेंबरमधले वादळ आजवरचे सर्वात मोठे मानले जाते. ते किती मोठे होते याचा एक महत्त्वाचा पुरावा मुंबईत आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नियमित नोंद होत होती. त्या वहीतले आकडे दीड शतकानंतर शास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचे दिसले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. तेथे ते आजही चालू आहे.

आता भारताचे आदित्य एल-१ हे यान सूर्याकडे सतत लक्ष ठेवून आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी ठरलेल्या कक्षेत पोहोचले. त्यावरची सूट ही अतिनील किरणांची दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली आहे.

जालन्याचा या इतिहासाशी संबंध काय?

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. त्या काळात येथल्या रयतेच्या राज्याची वेधशाळा म्हणजे हैदराबादची निझामिया वेधशाळा. नवाब जफर जंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती उभी केली आणि नंतर ती संस्थान सरकारकडे आली. सगळ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करण्याच्या जागतिक मोहिमेत तिने आपल्या वाट्याचे पट्टे पूर्ण केले. प्रकाश बदलणाऱ्या ताऱ्यांचे वेधही तेथे घेतले जात.

याच वेधशाळेत काम करणाऱ्या एका साहाय्यकाचा मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. निझाम कॉलेजात शिकलेल्या बाप्पूंनी पुढे अमेरिकेत ऑलिन विल्सन यांच्यासह ताऱ्यांच्या प्रकाशातली कॅल्शियमची रेषा तपासली. तिची रुंदी आणि ताऱ्याचे खरे तेज यांचे थेट नाते असल्याचे त्यांनी १९५७ मध्ये मांडले. ‘विल्सन-बाप्पू परिणाम’ या नावाने ते आजही शिकवले जाते. त्याच कॅल्शियम रेषांचा धागा धरून विल्सन यांनी १९६६ पासून ताऱ्यांच्या सक्रियतेची वर्षानुवर्षे चालणारी नोंद सुरू केली. इतर ताऱ्यांनाही सूर्यासारखी डागांची चक्रे असतात, हे त्या नोंदींतूनच सिद्ध झाले.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. पुण्यात १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू झाली. कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी ती नावारूपाला आणली. तेथली वीस इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वात मोठी होती. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. उपकरणे कोडाईकनालला गेली. कुलाब्याची वही चालू राहिली, कारण ते काम एका माणसावर अवलंबून नव्हते. पुण्याची वही मिटली, कारण ते होते.

आता काय करता येण्यासारखे आहे?

सूर्यासारख्या शांत ताऱ्याचा हजारात एक भागाचा बदल जालन्यातून मोजता येणार नाही. तेवढ्यासाठी अवकाशातच जावे लागते. पण सगळे तारे शांत नसतात. वृषभ राशीतला व्ही ७११ हा जोडतारा एकमेकांच्या ओढीमुळे २.८४ दिवसांत एक फेरा घेतो आणि डागांमुळे त्याचा प्रकाश दहा टक्क्यांहूनही अधिक बदलू शकतो. देवयानी समूहातला लॅम्डा हा तारा तर उघड्या डोळ्यांना दिसतो. त्याचा फेरा सुमारे ५४ दिवसांचा आहे. दोन्ही हिवाळ्यातले तारे, म्हणजे आपल्याकडे आकाश निरभ्र असते तेव्हाचे.

त्यांच्यासाठी मोठी दुर्बीणही लागत नाही. तिपाईवर ठेवलेला साधा डीएसएलआर कॅमेरा आणि तुलनेची शिस्त पुरते. एकाच छायाचित्रात आलेल्या शेजारच्या स्थिर ताऱ्यांना वजने मानायचे आणि आपल्या ताऱ्याचा प्रकाश त्यांच्याशी ताडून पाहायचा. हवा धूसर असली तरी ती दोघांना सारखीच धूसर असते. अशा नोंदी जगभरातून गोळा करणारी अमेरिकी हौशी निरीक्षकांची संघटना १९११ पासून काम करते आहे. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते, म्हणून भारतातली एक नोंद तिकडच्या आलेखातला खड्डा भरते. केप्लर आणि टेस यांच्या नोंदी तर कुणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत. त्या उघडणारे ‘लाइटकर्व्ह’ हे सॉफ्टवेअरही मोफत आहे.

अडचण पैशांची कमी आणि सातत्याची जास्त आहे. शाळा-महाविद्यालयांना दुर्बिणी मिळतात, ग्रहणाच्या दिवशी त्या बाहेर निघतात आणि मग कपाटात जातात. एखाद्या उत्साही शिक्षकाची बदली झाली, की कपाटाची किल्लीही सापडत नाही. ताऱ्याचा स्वभाव मात्र एका रात्रीत कळत नाही. त्याला दहा-दहा वर्षांची वही लागते. म्हणून जिल्ह्याने दुर्बिणी वाटण्यापेक्षा एका महाविद्यालयाला एक कॅमेरा, एक ठरलेला तारा आणि दर वर्षी नव्या तुकडीकडे सोपवायची एक वही द्यावी. जिल्हा नियोजन समितीच्या खर्चात हा आकडा नजरेतही भरणार नाही.

सोबत दुसरे कामही हवे. चौकाचौकांत उभे राहणारे हायमास्ट दिवे आकाशाकडेही प्रकाश फेकतात. त्यांना वरून झाकणे बसवले, तर रस्ता तितकाच उजळतो आणि आकाश काळे राहते. कृत्तिका-रोहिणी अजून गावाबाहेर दिसतात. त्या दिसतात तोवरच वही सुरू करण्यात अर्थ आहे.